ओट्यातली नदी

बाईंच्या घरात स्टीलचा चमचा नव्हता. चहात साखर ढवळायला प्लास्टिकचा, पोह्यांना लाकडाचा, आणि पाहुणा फारच मानाचा असेल तर आइस्क्रीमच्या कपाबरोबर मिळालेला, धुऊन जपून ठेवलेला चपटा लाकडी तुकडा.

"स्टीलचा चमचा मातीत घातला की माती चमच्याची गोष्ट सांगायला लागते," असं त्या म्हणायच्या. "मला मातीची ऐकायची आहे."

स्टीलमध्ये क्रोमियम असतं, आणि बाई आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत ज्या धातूंच्या मागावर होत्या त्यांत क्रोमियम पहिलं होतं. हे मला नंतर कळलं. पण पोह्यांचं काय? पोह्यांना कोण तपासणार होतं? असं विचारलं तर त्या म्हणत, "घाईत हाताला लागतो चमचा. घरातच नको." झालं. विषय संपला.

डोक्यावर हेल्मेट असायचं. त्यांच्याकडे गाडी नव्हती, साधी सायकलही नव्हती. मानपाड्याच्या रस्त्याने त्या पायी चालायच्या, साडी घोट्याच्या वर, पायात गमबूट आणि डोक्यावर निळं हेल्मेट. रिक्षावाले हसायचे. "मावशी, बाइक कुठे विसरलात?" बाई वर बोट दाखवायच्या. चहूबाजूंनी इमारती चढत होत्या, परांचीवर परांची. "वरून काय येईल सांगता येतं का? खालून काय येतं ते मी बघते. वरचं हेल्मेट बघेल." कामाच्या जागी पोचलं की तेच हेल्मेट उलटं होऊन त्याची टोपली व्हायची. त्यात नमुन्यांच्या पिशव्या, पेन्सिलचे तुकडे आणि हमखास दोन संत्री.

निवृत्त झाल्यावर लोक मोकळ्या हवेत राहायला जातात. बाई ठाण्यात कोपरीला एका चाळीत राहायच्या, निवृत्त झाल्यावर त्यांनी ती खोली सोडली आणि डोंबिवलीत, कारखान्यांच्या वसाहतीपासून हाकेच्या अंतरावर, तळमजल्याची खोली घेतली. भावाने विचारलं, वेड लागलं का? त्या म्हणाल्या, "तिथे काम आहे."

त्या प्राध्यापक नव्हत्या. ठाण्याच्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या सहायक होत्या. काचसामान धुणं, द्रावणं बनवणं, मुलांनी फोडलेल्या नळ्या गोळा करणं. पण प्रयोग अडला की मुलं सरांकडे जायची नाहीत, बाईंकडे जायची. त्यांतला एक पुढे माजिवड्याला मोठ्या तपासणी प्रयोगशाळेत लागला. तोच बाईंचे नमुने यंत्रावर लावून द्यायचा. बाईंना पदवी नव्हती, पद नव्हतं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्यावरून त्यांना हसलं गेलं आणि मी ते विसरलेले नाही.

माझं बालपण पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून गेलं. कल्याणच्या आमच्या चाळीत वडील सभांची, मोर्च्यांची, जयंतीची पत्रकं आणून ठेवायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली, निबंध लिहिले, चित्रं काढली. अक्षरओळख झाली तीच ठळक टायपात आणि उद्गारचिन्हांसकट. त्यामुळे मोठी झाल्यावर मीही पत्रकं लिहायला लागले, यात नवल नाही. आमचा पाच-सहा जणांचा गट होता. नदीवर पत्रक काढायचं ठरलं, तेव्हा कोणी तरी म्हणालं, त्या हेल्मेटवाल्या बाईंना भेट. मी गेले. बाईंनी माझी पत्रकं बाजूला ठेवली, माझ्या हातात बांबूची कामटी दिली आणि म्हणाल्या, "आधी माती काढायला शीक."

पहिल्याच दिवशी मी काढून आणलेली ओली माती वाळवायला पसरली, ती अर्थात पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर. सवयच ती. बाईंनी कागद उचलला, उलटा केला. पलीकडे लाल शाईत मथळा होता: 'आपल्या नदीचं जळजळीत वास्तव!'

"ही शाई मातीत उतरली," बाई म्हणाल्या.

"कोरी बाजू होती बाई."

"कागदाला दोन बाजू असतात, शाईला नसतात."

मला वाटलं, माती फेकून देतील. त्यांनी ती बरणीत भरली, वर पेन्सिलने लिहिलं, 'बाद. पत्रकाची शाई.' आणि बरणी स्वयंपाकघरातल्या सर्वांत खालच्या फळीवर ठेवली. ती त्यांची चुकांची फळी होती. तिथे तीसेक बरण्या होत्या. 'बाद. अंगठी घातली होती.' 'बाद. भरती की ओहोटी लिहिलं नाही.' 'बाद. मला बरं नव्हतं, घाई केली.' बहुतेक बरण्या त्यांच्या स्वतःच्याच चुकांच्या होत्या. त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव 'जळजळीत' ठेवलं. "काय गं जळजळीत, जेवलीस का?" चारचौघांतसुद्धा.

त्यांचे तीन प्रश्न ठरलेले होते. कुठली? किती खोल? कधी? मातीला हे प्रश्न विचारून विचारून ते त्यांच्या जिभेवर असे बसले होते की आंबेवाल्यालाही त्या "कुठले? कधी उतरवले?" विचारायच्या आणि मधला प्रश्न महाप्रयासाने गिळायच्या. एकदा शेजारच्या काकू रडत आल्या. मुलगा कुठल्याशा मुलीच्या प्रेमात पडला होता. बाईंनी पाणी दिलं, शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कुठली? किती खोल? कधीपासून?" काकू रडता रडता हसल्या. पुढे लग्न लागलं तेव्हा बाईंना पहिल्या रांगेत बसवलं होतं.

माझ्या पत्रकांतली विशेषणं त्या पेन्सिलने खोडायच्या. 'भयानक', 'विषारी', 'निर्लज्ज'. एकदा संपूर्ण पत्रकात फक्त क्रियापदं आणि गावांची नावं उरली. मी चिडले. "बाई, लोकांना राग यायला हवा ना!"

"येईल. तू त्यांच्या वाटचा राग आधीच खाऊन टाकू नकोस."

मला ते तेव्हा पटलं नाही. आजही सगळंच पटतं असं नाही. निर्लज्जाला निर्लज्ज म्हणावं, या मताची मी आहे.

एका शब्दावर मात्र बाई माझ्याहून कडक होत्या. सरकारी कागदांत आमच्या नदीला 'नाला' म्हणत. बाई तो शब्द उच्चारू द्यायच्या नाहीत. कोणी म्हणालाच तर जागच्या जागी थांबवायच्या. "नदी म्हणा. नाला म्हटलं की त्यात काहीही सोडायला परवानगी मिळाल्यासारखं वाटतं."

आणि ती नदीच होती. खाडीला मिळणारी, दिवसातून दोनदा भरतीला फुगणारी. बाईंच्या दारामागे भरती-ओहोटीचं वेळापत्रक टांगलेलं असे, देवाच्या तसबिरीच्या जागी. पाण्याचा वेग मोजायला त्या संत्रं सोडायच्या. संत्रं अर्धं बुडून वाहतं, त्याला वारा ढकलत नाही, आणि लांबून दिसतं. पुलावरून एक संत्रं टाकायचं, मी पुढच्या वळणावर घड्याळ घेऊन उभी. लोक विचारायचे, "बाई, कसली पूजा आहे?"

एकदा मी वळणावर उभी राहिले, राहिले, राहिले. संत्रं आलंच नाही. परत पुलाशी गेले तर बाई कठड्यावरून खाली बघत होत्या. खाली संत्रं गोल गोल फिरत होतं. पुढे दोन्ही काठांनी नदीत डेब्रिजचा भराव टाकलेला होता, पात्र अर्ध्यावर आलं होतं, आणि ओहोटीचं पाणी पुढे जायच्या ऐवजी पुलाखाली वळून मागे येत होतं.

"बघ," बाई म्हणाल्या. "जिला जायला जागा नाही ती काय करेल? थांबेल. आणि थांबली की जे जे घेऊन आली ते खाली टाकेल." ते जे जे होतं ते पुलाच्या अलीकडे साचत होतं, काळं, चिकट, हातभर जाड. पुलाच्या अलीकडे शाळा होती.

आता मूळ गोष्टीकडे येते. त्या शाळेला मैदान नव्हतं. मुलं व्हरांड्यात कवायत करायची. मग काही कारखानदारांनी मिळून शाळेला मैदान भेट द्यायचं ठरवलं. नदीतला साचलेला गाळ काढायचा आणि शाळेशेजारची खोलगट जागा त्याने भरायची. नदीही साफ, मैदानही तयार. वर्तमानपत्रात फोटो आले. गाळ पसरला, रोलर फिरला, गोलपोस्ट उभे राहिले, पांढऱ्या रेघा मारल्या. बाईंनी त्या मैदानातली माती तपासायला पाठवली आणि आकडे आल्यावर एकच वाक्य बोलल्या: "या मातीत पोरं पडतील, गुडघे फुटतील, तीच बोटं तोंडात घालतील."

मैदानाबद्दल तक्रार गेली, समिती नेमली गेली. समिती ठरवेपर्यंत फाटकाला कुलूप. इथे मी खरं सांगितलं पाहिजे, की लोक आमच्या बाजूने नव्हते. एक आई बाईंच्या दारात येऊन म्हणाली, "आमच्या पोरांना उभ्या जन्मात एक मैदान मिळालं. तुमची माती तपासून होईपर्यंत पोरांना मिशा फुटतील." ती गेल्यावर बाई म्हणाल्या, "खरं आहे तिचं. म्हणून लवकर आणि नीट करायचं."

माती वाईट आहे हे सांगायला शेजारची चांगली माती दाखवावी लागते. तुलनेचा नमुना. बाईंनी तो गावदेवीच्या आवारातून घेतला होता. जागा उंचावर, पुराचं पाणी पोचत नाही, देवीच्या जागेत कोणी भराव टाकत नाही, इमारत बांधत नाही. आजूबाजूला सगळं खोदून झालं तरी ती जागा तशीच. याहून चांगली जागा कुठली?

पण आकडे आले ते विचित्र. गावदेवीच्या आवारातली मातीसुद्धा जवळजवळ मैदानाइतकीच वाईट.

मी म्हटलं, "बाई, हा दुसरा आकडा देऊच नका ना. मैदानाचा पुरेसा आहे."

"जे आलं ते जाईल," बाई म्हणाल्या, आणि दोन्ही आकडे त्यांनी स्वतःच्या सहीने समितीला दिले.

सुनावणीला कारखानदारांचा सल्लागार आला होता. गोड बोलणारा, हातात लाल ठिपका पाडणारा पॉइंटर. त्याने बाईंचाच कागद पडद्यावर लावला. "बाईंनी फार प्रामाणिक काम केलंय. त्यांचे मी आभार मानतो. मैदानाची माती आणि त्यांनी स्वतः निवडलेली 'स्वच्छ' माती, दोन्ही सारख्याच. म्हणजे काय? इथल्या मातीचा मूळ स्वभावच असा आहे. याला कारखाने काय करणार?"

अध्यक्ष चष्म्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, तुमचं शिक्षण?"

"बारावी. पुढे प्रयोगशाळेत सहायक."

"म्हणजे बाटल्या धुवायच्या."

लोक हसले. मोठ्याने नाही, पण हसले.

"हो," बाई म्हणाल्या. "म्हणून धुतलेली कुठली आणि नुसती विसळलेली कुठली, ते मला ओळखता येतं."

हशा थांबला. पण कागद सल्लागाराच्या बाजूने होता.

तिथून बाई घरी गेल्या नाहीत. थेट गावदेवीला गेल्या, मी मागे. देवळाला पुढून फरशी बसली होती, मागच्या बाजूचा ओटा मात्र अजून मातीचाच होता. एक म्हातारी ओट्याचा पावसाने खचलेला कोपरा लिंपत बसलेली. सगळं गाव तिला बय म्हणत असे. इथल्या जुन्या आगरी घरांतली, तरुणपणी मिठागरात राबलेली, आता मुलांच्या नावावर तीन इमारती, आणि तरी ओटा लिंपायला मजुराला हात लावू द्यायची नाही. शेजारी बादलीत ओला, काळा चिखल.

बाई त्या बादलीकडे बघतच राहिल्या.

"बय, ही माती कुठली?"

"न्हईची. देवीला आनि कनची अस्ते?"

"कधीपासून लिंपता?"

"माजी सासू लिंपायची. तिची सासू लिंपायची. दर वर्साला जत्रंच्या आदी समद्या बायका टोपल्या भरून हानताव. ओट्यावर थापताव, वर शेनाचा हात. उरंल ती आंगनान पसरताव."

"किती जाड?"

"बोटभर. जास्त कशाला गो? दर वर्साला हायेच की."

बाईंनी हेल्मेट काढलं आणि तिथेच जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, "मी सातबारा पाहिला. जुना नकाशा पाहिला. पुराची रेषा पाहिली. हिला विचारलं नाही."

नदीची माती बायकांनी टोपलीटोपलीने डोक्यावरून वर आणून देवीच्या अंगणात पसरली होती, वर्षानुवर्षं. नदी साफ होती तेव्हाही आणि नव्हती तेव्हाही. आणि आम्ही तीच माती 'स्वच्छ' म्हणून घेऊन गेलो होतो.

घरी जाऊन बाईंनी गावदेवीच्या नमुन्याची बरणी चुकांच्या फळीवर ठेवली. 'बाद. विचारलं नाही.' मग समितीला पत्र लिहायला घेतलं: माझा तुलनेचा नमुना चुकीचा आहे, तो रद्द समजावा.

मी त्यांचा हात धरला. खरंच धरला. "बाई, त्यांना आणखी काय हवंय? 'मी चुकले' हे तुमच्याच सहीने! उद्या कुलूप उघडतील, पोरं लोळतील त्यात. आधी दुसरा पुरावा मिळू दे, मग कबूल करा."

"तोवर तो खोटा आकडा माझ्या सहीने उभा राहू देऊ?"

"लढाईत कोणी चूक कबूल करतं का? एका तरी पत्रकात वाचलंयत?"

"म्हणूनच पत्रकं रद्दीत जातात गं."

मी उठून निघून आले. आठ दिवस गेले नाही. मला वाटलं, ही बाई स्वतःच्या नीटनेटकेपणासाठी शे-दोनशे पोरं पणाला लावतेय. आजही त्या भांडणात मी पूर्ण चूक होते असं मी म्हणणार नाही. नवव्या दिवशी कल्याणला आमच्या दारात निळं हेल्मेट. आई घाबरली, तिला वाटलं कुरिअर.

"जळजळीत, तुझ्या हातात ना अंगठी ना बांगडी. ओटा कापायचाय. येतेस?"

"कसला ओटा?"

"अगं, दर वर्षी बोटभर. वर शेणाचा हात. म्हणजे दर वर्षीची नदी तिथे वेगवेगळी ठेवलीय बायकांनी. सगळ्यांत खालची नदी कारखान्यांच्या आधीची आहे. मूळ स्वभाव म्हणतात ना? बघू या की मूळ स्वभाव."

मी चपला घातल्या.

गावातले पुरुष जमले. देवीच्या ओट्याला सुरी लावणार? बयने त्यांना बोलूच दिलं नाही. "दर वर्साला तिच्या आंगावर चिखोल मी थापते. तवा तुमी कवा आलाव? आता कशाला आलाव?" मग बाईंकडे वळून म्हणाली, "काप. पन मागल्या बाजूशी. आनि जेवरी काडशील तेवरी परत भरशील."

"भरीन."

"कनच्या न्हईची भरशील?"

"ते मला अजून माहीत नाही, बय."

"मंग भोक तसाच र्‍हऊ दे. देवी बगल कोन भरतंय."

आम्ही बांबूच्या कामट्यांनी ओट्याचा एक उभा काप काढला, वरून तळापर्यंत. वहीच्या पानांसारखे थर. चिखल, मग शेणाची नखाएवढी रेघ, पुन्हा चिखल. बय शेजारी बसून बोटाने दाखवत होती. हा नातू झाला त्या वर्षीचा. हा धाकटी सून आली तेव्हाचा. वरचे थर काळे, तेलकट चकाकीचे. मधेच एक तांबूस.

"त्या वर्साला न्हय लाल झालेली," बय म्हणाली. "आमी म्हनलं, देवीला कुंकवाचा रंग. लिंपला." मग हळू आवाजात: "कोनी सांगलाच नाय."

खाली, खूप खाली, माती पिवळसर झाली. त्यात पांढरे ठिपके चमकत होते. बाईंनी हातातला लाकडी तुकडा लावून पाहिलं. शिंपल्यांचा चुरा. वरच्या एकाही थरात शिंपला नव्हता.

"हिच्यात कोणी तरी राहत होतं," बाई म्हणाल्या. विशेषण नाही. मी तोंड फिरवलं.

माजिवड्याच्या विद्यार्थ्याचा फोन आला. "बाई, हे कुठून आणलंत? खालच्या थरांत धातू नावापुरते आहेत आणि वर येतील तसे चढत गेलेत, जिन्यासारखे."

"देवळातून," बाई म्हणाल्या.

अहवाल गेला. नदीचं वळण भरावामुळे सरकलं तेव्हा बायकांनी माती घ्यायची जागा बदलली होती, हेही बाईंनी कोणी विचारायच्या आत लिहून दिलं, आणि माती त्याच्या आधीपासून बिघडली होती, तेही थरासकट दाखवून दिलं. सल्लागार पुन्हा आला नाही. समितीने लिहिलं, 'अहवाल विचाराधीन आहे.' आणि त्याच आठवड्यात मैदानाच्या उद्घाटनाच्या पत्रिका वाटल्या गेल्या.

मी पत्रक लिहायला बसले. या वेळी विशेषणं कमी पडत होती. पण पत्रक छापून यायच्या आधी जत्रेच्या तयारीचा दिवस आला.

बायका नेहमीप्रमाणे नदीवर गेल्या, टोपल्या भरल्या, बय पुढे. चौकात आल्या. डावीकडे गावदेवी. बय उजवीकडे वळली. उजवीकडे समितीचं कार्यालय होतं. पंचवीस-तीस बायका कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसल्या आणि लिंपायला लागल्या. खालून वर, एकेक पायरी, बोटभर जाड.

वॉचमन धावला. "ओ आजी, काय करताय?"

"जत्रा हाय."

"जत्रा देवळात असते ना!"

"देवीला पुरं झाला आता. या वर्साचा थर तुमचा."

बाईंना कोणी तरी निरोप दिला. त्या हेल्मेट सांभाळत धावत आल्या. मला वाटलं, त्यांचे डोळे भरून येतील. त्या गर्दीत घुसून ओरडल्या, "थांबा! थांबा सगळ्या! कुठून काढली? किती खोल? कधी?"

बय हात न थांबवता म्हणाली, "पुलाच्या अलीकडनं. कोपरभर. सकालच्याला, ओहोटीला."

बाई गुडघ्यांवर बसल्या, कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलने ते सगळं लिहिलं, चिठ्ठी कामटीला टोचली आणि कामटी सर्वांत वरच्या पायरीवरच्या चिखलात रोवली. तेवढ्यात अध्यक्ष दारात आले आणि उंबरठ्यावरच अडकले. खाली पाय ठेवायला जागा नव्हती.

"मॅडम, हे आत्ताच्या आत्ता साफ करून घ्या."

"करते साहेब," बाई म्हणाल्या. "मैदानात पसरलाय तोच हा नदीचा गाळ आहे. तुम्ही फक्त एक सही द्या, की ही धोक्याची नाही, पोरांनी यात लोळायला हरकत नाही. मग मी एकटी धुते. बाटल्या धुतल्यात मी."

त्यांनी कागद आणि पेन्सिल पुढे धरली. बायकांचे हात थांबले. अध्यक्षांनी पेन्सिलीकडे पाहिलं, पायऱ्यांकडे पाहिलं. मग ते आत गेले आणि मागच्या दाराने निघून गेले.

चिखल वाळला. सफाईवाल्यांनी हात लावायला नकार दिला, आधी हातमोजे द्या म्हणाले. कार्यालयातून हातमोजे मागवण्याची चिठ्ठी गेली, आणि कोणी तरी, आपलंच माणूस असणार, तिचा फोटो काढून बाहेर पाठवला. ज्या मातीत पोरांनी खेळायचं होतं ती उचलायला हातमोजे! मला पत्रकच लिहावं लागलं नाही. मी तो फोटो छापला आणि खाली तीन प्रश्न: कुठली? किती खोल? कधी? 'पोरांना मिशा फुटतील' असं बोलून गेलेली ती आई स्वतः गठ्ठा घेऊन शाळेच्या दारात उभी राहिली. उद्घाटन रद्द झालं. मैदानातला गाळ काढून न्यायचा आदेश निघाला.

बाई गेल्या त्याला आता बरेच दिवस झाले. त्यांच्या बरण्या माझ्याकडे आहेत, चुकांच्या फळीसकट. आई कुरकुरते. गावदेवीच्या ओट्याचं ते भोक अजून उघडं आहे. बय कोणाला भरू देत नाही.

पण बाई आठवल्या की मला पायऱ्या आठवत नाहीत. आठवतो तो गाळ उचलायचा दिवस. मैदानात ट्रक लागले होते. आम्ही जिंकलो होतो, मी सगळ्यांना पेढे वाटत होते. बाईंना पेढा द्यायला शोधलं तर त्या भरलेल्या पहिल्या ट्रकच्या केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या शेजारी बसलेल्या.

"ओ मावशी, उतरा ना यार," ड्रायव्हर वैतागला होता. "माझा टाइम जातोय."

"ही माती कुठे टाकणार?"

"मला काय माहीत? निघालो की फोन येतो, इकडे टाक, तिकडे टाक."

"मग फोन येईपर्यंत बसते."

"आणि नाही उतरलात तर?"

"तर तुला सोबत."

मी पेढ्यांचा पुडा घेऊन खाली उभी. "बाई, झालं ना आता! मैदान सुटलं!"

"मैदान सुटलं," बाईंनी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळला. "माती कुठे सुटलीय? जळजळीत, वर ये. आणि येताना कोपऱ्यावरून संत्री घे. हे जिथे टाकतील तिथे पाणी असणारच."

ड्रायव्हरने कपाळाला हात लावला आणि सरकून माझ्यासाठी जागा केली.